ससाण्याचा नंबर

१

शिवअण्णांची लाल गाडी गुरुवारी सकाळी पावणेअकराला अठरा लाखांची होती आणि अकराला दोन लाखांची राहिली. मधल्या पंधरा मिनिटांत तिला कुणी धडक दिली नाही की तिचं साधं टायर पंक्चर झालं नाही. पुण्याहून आलेल्या एका गृहस्थानं बॉनेट उघडून इंजिनाचा नंबर वाचला, आणि तो आरसी बुकातल्या नंबराशी जुळेना, एवढंच काय ते झालं.

गाडीचं एक वेळ सोडा हो. पण त्याच पंधरा मिनिटांत ती गाडी सांभाळणाऱ्या निंगप्पा मिस्त्रीचं एकेचाळीस वर्षांचं नाव धुळीला मिळालं, आणि शिवअण्णांच्या मागं राहिलेल्या त्यांच्या पत्नी सावित्रम्मांची झोप उडाली ती त्यापायी.

"अठरा लाख गेलं तर गेलं," शुक्रवारी सकाळी त्या सिद्धेश्वरीला म्हणाल्या. "वर जाताना बरोबर न्यायचं हाय का? पण निंगप्पानं हे केलं न्हाय. आन् केलं असंल तर मला तोंडावर सांग. सोमवारी दुपारच्या बसनं तो मैंदर्गीला, गावाकडं चाललाय. कायमचा."

सिद्धेश्वरी हत्तुरेनं हेल्मेट काढून स्कूटरच्या आरशाला अडकवलं. विम्यासाठी आपटलेल्या गाड्यांचा सर्व्हे करणं हा तिचा धंदा. ट्रकवाला म्हणणार म्हैस आडवी आली, आणि ही बंपरवरचा ओरखडा बघून म्हणणार, म्हैस नव्हती, विजेचा खांब होता, आणि तुम्ही मोबाईलवर बोलत होता. पंधरा वर्षांत तिचा अंदाज दोनदा चुकला होता, आणि ते दोन्ही किस्से ती स्वतःच हसत सांगायची. तिचे वडील शिवअण्णांचे विमा एजंट. त्यामुळे सोलापूरच्या होटगी रोडवरचं हे घर तिच्या पायाखालचं होतं.

"गुरुवारी काय झालं ते पहिल्यापासून सांगा मावशी. काही गाळू नका."

"काय गाळू? ते अमृत भोंडवे आले, पुण्याचे. गाड्या जमवायचा नाद हाय त्यांना. आदल्या रविवारी फोटो काढून गेले होते, दोन तास. गुरुवारी हातबॅटरी घिऊन आले, बॉनेट उघडलं, वाकले. नंबर म्हणून दाखवला, चार-दोन-सहा-एक-सात. मी आत जाऊन आरसी बुक बघितलं, तर त्यात सात-एक-शून्य-आठ-तीन. मग त्यांनी फडकं मागितलं, नंबरावरचं ग्रीस पुसलं आन् मला म्हणाले, या, तुमीच बघा. माझा चष्मा आत. मला काय दिसतंय डोंबल! म्हणाले, इंजिन बदललंय आजी, भारीतलं काढून कुणीतरी साधं बसवलंय. ज्याच्या हातात गाडी होती त्यालाच इचारा."

"आणि निंगप्पा?"

"शेडच्या दारात उभा होता की." सावित्रम्मांनी पदर डोळ्यांना लावला. "चावी टेबलावर ठेवली आन् गेला. त्याच सांजेला करमाळ्याहून फोन आला, जोतीराम म्हणून कुणी एजंट हाय. बिनकामाची गाडी दोन लाखाला घेतो म्हणाला. मी म्हटलं, ने बाबा. सोमवारी सकाळी येणार हाय."

शेडमध्ये गाडी उभी होती. ससाणा जीटी, दोन दरवाजांची, पंचवीस वर्षांची. डाव्या मडगार्डवर मुठीएवढा पोचा. पुढच्या टोकावर गेल्या महिन्यातल्या खंडेनवमीच्या कुंकवाचा डाग अजून होता. सिद्धेश्वरीनं बॉनेट उचललं. इंजिन असं लख्ख पुसलेलं, की त्यावर ताट ठेवून जेवावं. फक्त नंबराच्या कडेकडेनं काळंकुट्ट ग्रीस दाटलेलं होतं, आणि आकड्यांच्या खाचांत हळदकुंकू.

ती ते बराच वेळ बघत राहिली. मग पर्समधून कागद आणि पेन्सिल काढून तिनं कागद नंबरावर धरला आणि पेन्सिल आडवी करून घासली. गाडीच्या कागदपत्रांना असा ठसा लागतोच. रोज दहा गाड्यांचे ठसे काढणारा तिचा हात, पण आज तो मध्येच थांबला.

"मावशी, शिवअण्णांची जुनी फाईल आहे का?"

फाईल आली. पंचवीस वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी काढलेला पेन्सिलचा ठसा त्यात चिकटवलेला होता. सात-एक-शून्य-आठ-तीन. सिद्धेश्वरीनं दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. बाबांच्या ठशात आकड्यांमागं ओतीव लोखंडाचा दाणा दाणा उमटला होता. तिचा ठसा मात्र काचेसारखा गुळगुळीत होता, आणि आकड्यांभोवती एक बारीक रेघ चौकटीसारखी फिरलेली होती.

तिनं कागदाची घडी घातली. "सोमवारपर्यंत या बॉनेटला कुणाला हात लावू देऊ नका. देवालासुद्धा नाही."

२

निंगप्पाच्या गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं. आत तो पाने एकेक करून पुसत होता आणि पोत्यात भरत होता. सत्तरीला टेकलेला, बारीक, कपाळावर विभूती.

"निंगप्पा काका, एकदा चला आणि ते इंजिन बघा. तुम्ही बघितलंत की मिनिटात निकाल लागेल."

"बेड," तो म्हणाला. नको. "अण्णाच्या गाडीचं बॉनेट मी आता उघडणार न्हाय."

"अहो, पण तुमच्यावर आळ आलाय!"

"त्या पुण्यावाल्याचं काय मनावर घ्यायचं? ते चोर म्हणाले, म्हणू द्या." त्यानं हातातला पाना उगाच पुन्हा पुसला. "पर अक्कानं इचारलं, निंगप्पा, खरं का रे? बास. एवढंच इचारलं."

सावित्रम्मांनी हे नेमकं गाळलं होतं.

मग निंगप्पाच आपण होऊन बोलू लागला. कंपनीनं ससाणा जीटी सगळ्या मिळून एकशेवीस काढल्या आणि मग कंपनीच बुडाली. शिवअण्णांनी हौसेनं एक घेतली आणि पहिल्याच वर्षी दख्खनच्या रॅलीत उतरवली. अण्णा गाडी चालवायचे, निंगप्पा डाव्या सीटवर बसून वाटेतली वळणं ओरडून सांगायचा. तिसऱ्या दिवशी दगड उडाला, मडगार्ड चेपलं, तरी हे दोघे पहिले आले.

"पोचा काढायला निघालो तर अण्णा म्हणाले, हात लावू नको, ते आपलं मेडल हाय. इंजिन दोनदा खोललं मी, दोनदा बसवलं. ह्या वहीत सगळं लिवलंय." त्यानं कन्नडमध्ये लिहिलेली जाड वही दाखवली. कुठल्या तारखेला काय पुसलं, काय बदललं, कुठला नट कितपत आवळला, सगळं. "अण्णा गेले, चार वर्षं झाली. दर रविवारी जाऊन गाडी चालू करतो मी, डाव्या सीटवरनंच हात लांबवून. अण्णांच्या जागी बसत न्हाय. गेल्या रविवारी तेवढं अक्कानं सांगितलं, पाव्हणे फोटो काढणार हायत, आज नको येऊ."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर गुरुवारच की."

"सोमवारी ही वही अक्कांना द्यायला या. बस बाराची ना? साडेनऊला या."

"बघू," निंगप्पा म्हणाला. त्याच्या तोंडून 'बघू' निघालं म्हणजे तो येणार, हे सिद्धेश्वरीला ठाऊक होतं.

३

सावित्रम्मांचा पुतण्या प्रभुलिंग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं युनिट चालवतो. सिद्धेश्वरी आत शिरली तेव्हा तो लोखंडी पट्टीवर आकडे ठोकत बसला होता. समोर एक ते नऊ आणि शून्य अशा आकड्यांच्या छिन्न्या ओळीनं मांडलेल्या. तिची नजर त्यांवर खिळलेली बघून तो हसला.

"ताई, मला पकडायला आलात काय? गाडी विकू नका म्हणून मी काकूशी भांडलो, हे खरंय. महिनाभर अबोला धरला. विकली न गेली तर मला आनंदच आहे, उगाच कशाला खोटं बोलू?"

"मग सौदा मोडायला तूच हे केलं असशील."

"मी?" त्याचा चेहरा पडला. "निंगप्पा काकांच्या मांडीवर बसून मी स्टिअरिंग धरायला शिकलो. त्यांच्या गळ्यात धोंडा बांधून मला गाडी नको."

"बॉनेट उघडलेलं शेवटचं कधी बघितलंस?"

"खंडेनवमीला. दरवर्षी तेव्हाच बघतो. निंगप्पा काका बॉनेट उघडतात, मी ताट धरतो. काकू नंबरावर विभूतीची तीन बोटं ओढतात. बाहेर कुंकू लावतात, पण आत फक्त विभूती. कुंकू नाहीच. शिवअण्णा काका म्हणायचे, विभूती आधीच जळलेली, तिला इंजिन आणखी काय जाळणार!" तो हे सांगताना स्वतःशीच हसला. "आमच्या घरचं हे खूळ आहे हो, दुसरीकडं कुठं बघितलं नाही."

सिद्धेश्वरीनं टेबलावरचा चहा उचलला आणि एका घोटात संपवला. गार होता, तरी तिला तो फार आवडला.

"प्रभुलिंग, सोमवारी नऊला घरी ये. येताना पत्र्यावरचा रंग खरवडायची पातळ पट्टी आण. छिन्न्या इथंच राहू देत, त्यांची मला गरज नाही."

४

अमृत भोंडवे अजून सोलापुरातच होते. स्टेशनजवळच्या हॉटेलात त्यांनी सिद्धेश्वरीसाठी आपणहून खुर्ची ओढली. चाळिशीचा, गोरा, बोलण्यात अदब. जुन्या गाड्यांबद्दल बोलायला लागला की माणूस उजळून निघायचा, हे मात्र तिला कबूल करावं लागलं.

"हे बघा मॅडम, जुनी झाली म्हणून गाडी मोलाची होत नाही. तसं असतं तर सगळं भंगार सोन्याच्या भावानं गेलं असतं. आधी ती कमी निघालेली हवी. मग ती आपल्या काळात पळालेली हवी, निव्वळ दिसायला देखणी असून भागत नाही. ससाण्यानं रॅली मारली, तेव्हा शाळकरी पोरांनी तिचं चित्र वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलं. मीही चिकटवलं होतं. ती पोरं आता चाळिशीत आलीत, हातात पैसा आलाय. त्यांना गाडी नको असते हो, त्यांना तो पुठ्ठा परत हवा असतो."

"आणि रंग नवा मारला तर?"

"किंमत निम्मी! लोक चकचकीत करून आणतात आणि वर अभिमानानं सांगतात. रडू येतं. तो मडगार्डवरचा पोचासुद्धा लाखभराचा आहे. कारण त्या पोच्याची गोष्ट खरी आहे. जसं कारखान्यातून निघालं तसं सगळं हवं, आणि त्यात पहिलं इंजिन. जीटीचे सगळे नंबर सातानं सुरू होतात, साध्या ससाण्याचे चारानं. हे जाणणारे देशात दहा लोक नसतील. चारचं इंजिन बघितलं आणि मी हात जोडले."

"मग आता गाडीत तुम्हाला काही रस नाही?"

"हे बघा, काडीचाही नाही."

"तरी सोमवारपर्यंत सोलापुरात?"

"चादरी घ्यायच्यात," ते हसून म्हणाले. "घरच्यांची यादी मोठी आहे."

सिद्धेश्वरीही हसली. "मग एक उपकार करा. करमाळ्याचा एजंट गाडी नेणार आहे. उद्या त्यानं फसवलं म्हणायला नको. सोमवारी साडेनऊला येऊन इंजिन बदललेलं आहे असं तुमच्या सहीनं लिहून द्याल?"

"आनंदानं," अमृत भोंडवे म्हणाले. आणि ते खरंच आनंदात दिसत होते.

५

जोतीरामला तिनं फोन लावला तेव्हा मागं बाजारातला गलका चालला होता.

"व्हय व्हय, मीच जोतीराम. बोला की ताई."

"गाडी कशाला घेताय? पार्ट काढायला?"

"आता ती कुटं पळायची हाय? ससाणा म्हंजी ससाणा, साधा काय आन् जीटी काय, समद्यांचं इंजिन एकच असतंय. पार्टी हाय एक, तिला पायजे."

"कुठली पार्टी?"

"पुण्याची. नाव आमालाबी ठाव न्हाय, फोनवरच बोलणं. आगाऊ पैसं पाठीवलं, काम झालं. पर ताई, एक अट हाय बरं का. गाडी हाय तशी द्यायची. धुवायची न्हाय, पुसायची न्हाय, इंजिनाला तर कुणी बोट लावायचं न्हाय."

रस्त्याच्या कडेला उभ्या स्कूटरवर सिद्धेश्वरीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. जुळे सोलापूरची संध्याकाळची वर्दळ तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती.

"भंगाराला घ्यायची गाडी धुतली तर काय बिघडतं हो?"

"आमीबी तेच म्हटलं!" जोतीराम ओरडला. "तर म्हणतोय, न्हाय म्हंजी न्हाय. शाणी माणसं असत्यात एकेक, आपण काय बोलणार!"

घरी येऊन तिनं दोन्ही ठसे पुन्हा दिव्याखाली धरले, आणि रविवारी आईला घेऊन निवांत सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाऊन आली. काळजीचं काही उरलंच नव्हतं.

६

सोमवारी साडेनऊला शेडमध्ये सगळे जमले. जोतीरामचा टेम्पो फाटकाशी उभा होता. प्रभुलिंग भिंतीला टेकून होता. अमृत भोंडवेंनी पेन काढून तयार ठेवलं होतं. निंगप्पा वही छातीशी धरून दाराबाहेर थांबला, आत यायला तयार नव्हता. सावित्रम्मा आज चष्मा लावून आल्या होत्या.

"सहीआधी दोन मिनिटं," सिद्धेश्वरीनं बॉनेट उचललं. "हे दोन ठसे बघा. एक माझ्या बाबांनी पंचवीस वर्षांपूर्वी काढलेला, दुसरा मी शुक्रवारी. जुन्यात लोखंडाचा दाणा आहे. नव्यात तो नाही, आणि आकड्यांभोवती चौकट आहे. पेन्सिल अशी चौकट कधी उमटवते? कागदाखाली एखाद्या पट्टीची कड असेल तेव्हा. इंजिन कुणी बदललेलं नाही मावशी. खऱ्या नंबरावर खोट्या नंबराची पातळ पट्टी चिकटवलीय. कड दिसू नये म्हणून भोवती ग्रीस चोपडलंय. निंगप्पा काकांचं इंजिन आरशासारखं, आणि ग्रीस तेवढं नंबरालाच?"

सावित्रम्मांचा हात तोंडावर गेला. अमृत भोंडवेंनी पेनचं टोपण लावलं.

"आता लावली कुणी? ज्यानं लावली तो हुशार होता. पट्टी नवी दिसू नये म्हणून त्यानं आकड्यांत हळदकुंकू भरलं. आपल्याकडं कुठल्याही गाडीला दसऱ्याला कुंकू लागतंच, बाहेर बॉनेटवर डागही होता. त्याला वाटलं, आतही तसंच असणार. मावशी, तुम्ही आत काय लावता?"

"विभूती," सावित्रम्मा म्हणाल्या. त्या पुढं वाकल्या, नंबराकडं नीट बघितलं, आणि त्यांचा आवाज चढला. "अगं हे कुंकू कुणी लावलं? इंजिनाला कुंकू आमच्यात न्हायच!"

"नाहीच. आणि हे निंगप्पा काकांना पाठ आहे, प्रभुलिंगला पाठ आहे. यांच्यापैकी कुणी खोटेपणा केला असता तर चिमूटभर विभूती भरली असती, कुणाला संशय आला नसता. म्हणजे माणूस बाहेरचा. ज्यानं गाडीची पूजा बाहेरून बघितली, आतून कधीच नाही."

"मी न्हाय हां!" जोतीराम दोन पावलं मागं सरला. "आईची आन, मी आजच हितं पाय ठेवलाय."

"तुम्ही नाहीच. तुमच्या लेखी सगळे ससाणे एकच. पट्टीवरचा नंबर चारानं सुरू होतो. साध्या गाडीचा नंबर चारानं आणि जीटीचा सातानं, हे जाणणारे देशात दहा नसतील. हे मला कुणी सांगितलं, भोंडवे साहेब?"

भोंडवे शांतपणे हसले. "हे बघा मॅडम, माहिती असणं हा गुन्हा नाही."

"नाही ना. पण गुरुवारी तुम्ही आधी नंबर म्हणून दाखवला, आणि मग फडकं मागितलं. नंबरावर ग्रीसचा थर होता. पुसायच्या आधी तो तुम्ही वाचलात कसा? रविवारी फोटोंचे दोन तास मिळाले, त्यात पट्टी बसली. मावशींना तुम्ही म्हणणार, गाडी मातीमोल झाली. मग करमाळ्याच्या माणसामार्फत तीच दोन लाखांत घ्यायची, पुण्यात नेऊन पट्टी काढायची, की पुन्हा अठराची. म्हणून तर धुवायची नाही, पुसायची नाही."

"हा नुसता अंदाज आहे. हे बघा, त्या एजंटाला मी ओळखतसुद्धा नाही."

जोतीराम इतका वेळ मान तिरकी करून ऐकत होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर आपटली. "आवो ह्योच की तो! फोनवर दर वाक्याला 'हे बघा, हे बघा'! आल्यापासनं मी म्हणतोय, ह्यो आवाज कुटं ऐकलाय. साहेब, आमी दलाली करतो, म्हाताऱ्या बाईला लुटायचं काम न्हाय करत. तुमचं आगाऊ पैसं परत घ्या."

सिद्धेश्वरीनं प्रभुलिंगकडून खरवडायची पट्टी घेतली आणि रॉकेलच्या फडक्यासकट दाराकडं धरली.

"निंगप्पा काका, पुढचं काम माझं नाही."

निंगप्पा हलला नाही. तेव्हा सावित्रम्माच दाराशी गेल्या.

"मी चुकले, निंगप्पा. तुला इचारायलाच नको होतं. चार दिवस मला अन्न गेलं न्हाय. तू रागावलास ते बरोबर हाय. पर अण्णांचा नंबर दुसऱ्या कुणी उघडू नये रे."

त्यानं वही त्यांच्या हातात दिली आणि आत आला. रॉकेलचा बोळा नंबराच्या कडेनं फिरवला, थांबला, पुन्हा फिरवला. मग खरवडायची पट्टी कडेखाली सरकवून मनगटाला एक हलका झटका दिला. खोट्या नंबराची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सुटून खाली फरशीवर पडली.

खाली लोखंडात खोल ठोकलेले पाच आकडे होते. सात, एक, शून्य, आठ, तीन. प्रत्येकाच्या खाचेत पंचवीस नवम्यांची पांढरी विभूती घट्ट बसलेली.

"हौदु," निंगप्पा म्हणाला. हो, हेच. आणि भर शेडमध्ये तो म्हातारा माणूस ओक्साबोक्शी रडला. प्रभुलिंगनं त्याला खांद्याशी धरलं, तर तोही रडायला लागला.

अमृत भोंडवेंचा रंग उतरला होता, पण जीभ शाबूत होती. "हे बघा, झालं ते झालं. मी वीस देतो. आत्ता, इथं."

"तुमी गाडीवर जीव टाकता म्हणून मी हो म्हटलं होतं," सावित्रम्मा म्हणाल्या. "तुमाला पोच्याची किंमत कळली, नंबराची कळली. ज्यानं पंचवीस वर्षं ते जपलं, त्या माणसाची कळली न्हाय. वीस काय, दोनशे दिले तरी तुमाला टायर देणार न्हाय मी. चला आता."

"सरळ हॉटेलवर जाऊ नका साहेब," सिद्धेश्वरीनं ती खोटी पट्टी कागदात गुंडाळत म्हटलं. "पोलीस ठाणं वाटेतच आहे. मी मागोमाग येतेच."

जोतीराम रिकामा टेम्पो घेऊन करमाळ्याला निघाला, जाताना सावित्रम्मांच्या हातची शेंगाचटणी-भाकरी बांधून घेऊन. गाडी पुढं विकायची की नाही, हे निंगप्पानं ठरवायचं आणि घेणाऱ्यानं आधी महिनाभर त्याच्या हाताखाली पाने पुसायचे, असा हुकूम सावित्रम्मांनी तिथंच सोडला. मग त्या आत जाऊन विभूतीची वाटी घेऊन आल्या. नंबरावर तीन बोटं ओढली. बोटांना उरलेली विभूती त्यांनी निंगप्पाच्या कपाळाला लावली.

"बारा वाजायला आले अक्का," तो डोळे पुसत म्हणाला. "माझी बस."

"जाऊ दे बस. पंधरा दिवस झाले, गाडी चालू केली न्हाईस. कर."

निंगप्पानं टेबलावरची चावी उचलली. बॉनेट बंद केलं, आणि पंचवीस वर्षांच्या सवयीनं डाव्या दाराकडं वळला. तर तिथं सावित्रम्मा आधीच जाऊन बसल्या होत्या, पदर खोचून.

"अक्का, ती माझी जागा."

"तिकडं बस," त्यांनी स्टिअरिंगकडं बोट केलं. "अण्णा आता काय येणार न्हायत. वळणं मी सांगते."

तो उभा राहिला, त्यांच्या मांडीवरच्या वहीवर हात फिरवला, आणि गाडीला वळसा घालून पलीकडं गेला. सिद्धेश्वरीनं फी म्हणून पोलीस ठाण्यापर्यंत मागची सीट मागितली, ती मिळाली. चावी फिरली. सोळाशे सीसीचं ते इंजिन एकदा खाकरलं आणि असं काही गरजलं, की शेडचा पत्रा थरथरला आणि शेजारची पोरं गच्चीवर धावली.

"डावीकडं घे," सावित्रम्मा म्हणाल्या.

निंगप्पानं गिअर टाकला आणि गाडी होटगी रोडला काढली.